हुकूमशाहीचा उदय आणि दृढीकरण

एका व्यक्तीने किंवा तिच्या गटाने राज्यसत्ता हाती घेऊन तिच्यावरचे अंकुश एकेक करून काढून टाकण्याची प्रक्रिया. लष्करी उठाव हा तिचा एक मार्ग. पण अधिक बारकाईने अभ्यासावा असा मार्ग कायद्याच्या दारातून जातो.

बेकारी, भाववाढ, युद्धातला पराभव यांनी जुन्या पक्षांवरचा लोकांचा विश्वास उडतो. तरीही केवळ लोकप्रियता पुरत नाही, दार आतून कोणीतरी उघडावे लागते. १९२२ मध्ये इटलीच्या राजाने आणीबाणीच्या हुकमावर सही नाकारली आणि मुसोलिनीला पंतप्रधान केले. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चान्सलर म्हणजे सरकारप्रमुख झाला, तेव्हा मंत्रिमंडळात त्याच्यासह नाझी तिघेच होते. तो आपल्या मुठीत राहील, असे पुराणमतवादी सहकाऱ्यांना वाटले. हा अंदाज खोटा ठरायला दोन महिनेही लागले नाहीत.

२७ फेब्रुवारीला संसदभवनाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी निघालेल्या वटहुकमाने भाषण, सभा आणि वृत्तपत्रे यांचे स्वातंत्र्य स्थगित केले. २३ मार्चला संसद क्रोल ऑपेरागृहात भरली. कम्युनिस्टांचे ८१ प्रतिनिधी तुरुंगात, भूमिगत किंवा परागंदा होते. तपकिरी गणवेशातले नाझी स्वयंसेवक सभागृहात पहारा देत उभे होते. संसदेला वगळून, प्रसंगी राज्यघटनेला सोडूनही, मंत्रिमंडळाला कायदे करू देणारे विधेयक मांडले गेले. सोशल डेमोक्रॅट नेते ओटो वेल्स त्या वातावरणात विरोधात बोलले. हे धैर्य नोंदवलेच पाहिजे. त्यांच्या पक्षाच्या हजर असलेल्या सर्व ९४ जणांनी विरोधात मत दिले. बाजूने ४४४ मते पडली. कॅथलिक सेंटर पक्षानेही आश्वासनांवर विसंबून मान तुकवली होती. चार वर्षांच्या त्या कायद्याची मुदत पुढे तीनदा वाढवली गेली. जुलैत इतर पक्षांवर बंदी आली, आणि ऑगस्ट १९३४ पासून सैनिक राज्यघटनेऐवजी खुद्द हिटलरच्या नावाने शपथ घेऊ लागले.

पुढच्या काळात न्यायालये हे पहिले लक्ष्य झाले. व्हेनेझुएलात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची संख्या २० वरून ३२ केली गेली. हंगेरीत न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून ६२ वर आणले गेले. पेरूत रीतसर निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांनी ५ एप्रिल १९९२ रोजी संसदच बरखास्त केली. भाववाढीने आणि हिंसाचाराने पिचलेल्या असंख्य नागरिकांनी त्याचे स्वागत केले.