फ्रिज १५० वॅटचा, जनरेटर ८०० वॅटचा, तरी जनरेटर का बसला?

पावसाळ्यात एका रात्री नेरूळला माझ्या मेव्हण्याकडे सात तास लाईट नव्हती. त्यांचं रो हाऊस आहे, म्हणजे खाली पाण्याची टाकी, वर गच्चीवर हजार लिटरची टाकी आणि मधे १ एचपीचा पंप. फ्रिजमधे सासूबाईंचं इन्सुलिन. शेवटी शेजाऱ्यांकडून त्याने छोटा पेट्रोल जनरेटर आणला, अंगणात ठेवला, दोरी ओढली, एक बल्ब आणि पंखा मस्त चालला. मग फ्रिजची पिन लावली. बल्ब एकदम लालसर झाला, जनरेटरचा आवाज खाली बसला, फ्रिजच्या मागून घुंऽऽ असा आवाज आला आणि चार-पाच सेकंदात टक. दोन मिनिटांनी परत घुंऽऽ, परत टक. त्याने मला फोन केला, "भावोजी, फ्रिजवर १५० वॅट लिहिलंय, जनरेटरवर ८०० वॅट, मग हे काय चाललंय?"

हा प्रश्न जनरेटर घ्यायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने आधी विचारायला हवा. कारण आपण सगळे वॅटची बेरीज करतो, पंखे इतके, दिवे इतके, फ्रिज इतका, आणि बेरजेपेक्षा थोडा मोठा जनरेटर घेऊन येतो. दिव्यांना ही बेरीज चालते. मोटरला चालत नाही.

आता मोटरच्या आत काय होतं ते बघू, मला स्वतःला विजेच्या विषयात याहून सुंदर काही वाटत नाही. जुन्या पद्धतीच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि पाण्याचा पंप, दोन्हीत इंडक्शन मोटर असते. १८८८ साली निकोला टेस्लाने अमेरिकेत तिचं पेटंट मिळवलं आणि त्याच वर्षी इटलीत गॅलिलिओ फेरारिसने स्वतंत्रपणे तेच तत्त्व मांडलं. बाहेर न हलणारी तांब्याची वेटोळी, त्याला स्टेटर म्हणतात, आणि आत फिरणारा रोटर. गंमत म्हणजे या रोटरला एकही वायर जोडलेली नसते. स्टेटरमधे वीज गेली की आत चुंबकीय क्षेत्र गोल फिरायला लागतं, आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज आहे म्हणून दोन पोलच्या, म्हणजे दोन चुंबकीय ध्रुवांच्या, मोटरमधे ते सेकंदाला ५० फेऱ्या मारतं, मिनिटाला ३०००. हे क्षेत्र रोटरमधल्या पट्ट्यांवरून सपासप जातं, त्यामुळे त्या पट्ट्यांत करंट तयार होतो, आणि करंट आला की तो पट्टा चुंबकीय क्षेत्राबरोबर ओढला जातो. रोटर फिरायला लागतो.

पण तो कधीच पूर्ण ३००० गाठत नाही, साधारण २८५० ला थांबतो. कारण रोटर आणि क्षेत्र अगदी एका वेगाने फिरले तर पट्ट्यांवरून काही जाणारच नाही, करंट बनणार नाही आणि ओढही संपेल. म्हणजे चालू मोटरमधे क्षेत्र रोटरला सेकंदाला फक्त अडीच वेळा ओलांडतं. आणि सुरू होताना? रोटर उभा आहे, क्षेत्र त्याच्यावरून सेकंदाला पूर्ण ५० वेळा जातंय. वीसपट. उभ्या रोटरची मोटर म्हणजे एक ट्रान्सफॉर्मर, ज्याची दुसरी बाजू शॉर्ट केलेली आहे. करंट वीसपट होत नाही कारण इतक्या जलद बदलाला रोटरच्या पट्ट्यांचा स्वतःचा विरोधही वाढतो, पण पाच-सहापट, कधी सातपट सहज होतो.

मेव्हण्याच्या पंपावर आम्ही नंतर क्लॅम्प मीटर लावून बघितलं. चालू असताना ६ अँपिअरच्या आसपास, आणि बटण दाबल्याच्या क्षणी ३४. अर्ध्या सेकंदाची गोष्ट असते ही. महावितरणच्या लाईनला ते जाणवतही नाही, फार तर घरातला दिवा जरा मिचकतो, कारण मागे कितीतरी मोठी यंत्रं एकत्र फिरत असतात. छोट्या जनरेटरच्या मागे मात्र एका स्कूटरच्या इंजिनाहून कमी ताकद असते. एवढा करंट मागितला की त्याचं व्होल्टेज पडतं, आणि इथून दुष्टचक्र सुरू होतं. मोटरचा पीळ, म्हणजे टॉर्क, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० चं १६० झालं, म्हणजे ७० टक्के, तर पीळ उरतो ४९ टक्के, निम्मा. निम्म्या पिळात कॉम्प्रेसर गॅसच्या दाबाविरुद्ध फिरत नाही, फिरत नाही म्हणून करंट उतरत नाही, करंट उतरत नाही म्हणून व्होल्टेज चढत नाही. तोच घुंऽऽ. वेटोळी तापतात आणि आतली छोटी दोन धातूंची पट्टी वाकून सर्किट तोडते, तो टक. ती पट्टी नसती तर त्या रात्री कॉम्प्रेसर जळला असता.

म्हणून पंप चालवायचा असेल तर जनरेटर त्या मोटरच्या किमान तीनपट तरी हवा, १ एचपी पंपाला ३ केव्हीएच्या खाली बघूच नका. जुन्या फ्रिजला तर पाचपटही पुरत नाही, ते त्या रात्री दिसलंच. आणि फ्रिज इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा असेल तर हा त्रास जवळजवळ नाहीच, कारण त्यातलं सर्किट मोटरला आधी कमी फ्रीक्वेन्सी देतं आणि हळूहळू वाढवतं, उभ्या रोटरवर ५० हर्ट्झ आदळतच नाही.

यूट्यूबवर व्हिडिओ फिरतायत, मोटर डायनॅमोला फिरवते, डायनॅमो मोटरला वीज देतो आणि उरलेल्या विजेवर घर चालतं, फुकट. शिकलेली माणसं मला हे पाठवतात आणि विचारतात की असा जनरेटर घ्यावा का. घेऊ नका. प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, उरायचं लांबच, ते यंत्र स्वतःलाही काही सेकंदांपलीकडे फिरवू शकत नाही. टेबलाखाली वायर असते.

दोन धोके मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. ठाण्यात घोडबंदरच्या फ्लॅटमधे ग्रिल लावून बंद केलेल्या बाल्कनीत पेट्रोल जनरेटर ठेवायचा विचारही करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस उठत नाही. दुसरं, दोन्हीकडे पिन असलेली वायर करून जनरेटर सॉकेटमधे घुसवणं. वीज मीटरमधून उलटी लाईनवर जाते, आणि ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही, ११,००० चे २३० करतो तसे तो २३० चे ११,००० पण करतो. लाईन बंद आहे समजून वर चढलेल्या वायरमनचा त्यात जीव जाऊ शकतो. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी एकतर लाईनला नाहीतर जनरेटरला जोडणारा स्विच, लावून घ्या, तोही लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून.

मग घ्यायचा का? १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली, तसे दिवस आपल्या भागात विरळा. रोजचं जे असतं ते तासा-दोन तासांचं, आणि त्याला इन्व्हर्टर आणि १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी पुरते. कागदावर १.८ युनिट, हातात सव्वा युनिटच्या आत. दोन साधे पंखे, चार एलईडी आणि राउटर, सहा तासांच्या आसपास. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे, केले तर दहा. याउलट छोटा जनरेटर एका लिटर पेट्रोलमधे दीड-दोन युनिट देतो, म्हणजे युनिटला कमीत कमी ५० रुपये, आणि आवाज सगळ्या गल्लीला.

मेव्हण्याने इन्व्हर्टर घेतला. पावसाळ्यात गच्चीवरची टाकी रात्री भरून ठेवतात, त्यामुळे पंपाचा प्रश्नच उरला नाही, आणि इन्सुलिनसाठी घरात एक थर्मासची पेटी आणलीये, बर्फाच्या पॅकला चिकटून गोठू नये म्हणून मधे टॉवेल घालून. पण ज्यांचा जनरेटर आणला होता त्या शेजाऱ्यांना मी जनरेटर बदलून मोठा घ्या असंच सांगितलं. त्यांच्या वडिलांना रात्रभर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो, ३५० वॅटचा, त्यातही कॉम्प्रेसरच असतो, आणि लांबलेल्या रात्री एक बॅटरी तिथे पुरणार नाही. त्यांनी आता ३ केव्हीएचा घेतलाय, कंपाउंडच्या भिंतीपाशी, खिडक्यांपासून लांब, आणि चेंजओव्हरच्या बोर्डवर पेनाने लिहून ठेवलंय: आधी आबांचं मशीन, ते नीट चालू झालं की फ्रिज, मग दिवे-पंखे. इंजिन चालू केल्यापासून आबांच्या मशीनचा हिरवा दिवा लागेपर्यंत किती वेळ जातो तेही त्यांनी घड्याळ लावून बघितलंय, आणि तेवढ्या वेळापुरता छोटा सिलेंडर पलंगापाशी ठेवलाय.