गोल्फ मैदानाच्या निगेची आधुनिक साधने

गोल्फ मैदानाच्या निगेची साधने : गोल्फच्या मैदानावर गवत कापणे, जमीन भुसभुशीत ठेवणे, पाणी देणे, खते-औषधे फवारणे आणि जमिनीची ओल व चेंडूचा वेग मोजणे या कामांसाठी वापरली जाणारी यंत्रे व उपकरणे. अठरा होलच्या मैदानाला साधारण ५० ते ६० हेक्टर जागा लागते, पण सगळ्या जागेची निगा सारखी नसते. होल असलेली अठरा ‘ग्रीन’ मिळून जेमतेम एक-दीड हेक्टर भरतात आणि माळ्यांचा सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो. ग्रीनवरचे गवत सुमारे ३ मिमी. उंचीचे ठेवतात, मधल्या ‘फेअरवे’वरचे १० ते १३ मिमी., तर कडेच्या ‘रफ’मधले ४० मिमी.च्या वर वाढू देतात. प्रत्येक उंचीसाठी वेगळे यंत्र लागते, त्यामुळे मोठ्या क्लबची यंत्रशाळा एखाद्या लहान कारखान्याएवढी असते.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील सुरुवातीच्या मैदानांवर हे काम मेंढ्या आणि ससे करीत. पुढे विळे-कोयते आले. सेंट अँड्र्यूजचे नामवंत ग्रीनकीपर ओल्ड टॉम मॉरिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रीनवर वाळू पसरण्याची पद्धत रूढ केली. ती आजही चालू आहे, फक्त फावड्याच्या जागी यंत्र आले. गवत कापण्याचे यंत्र इंग्लंडमधील एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये तयार केले. ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउड भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. तिथे कापडावरची लव सारखी करणारे फिरत्या पात्यांचे यंत्र त्यांनी पाहिले आणि तीच युक्ती गवतासाठी वापरली. इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने १९०२ मध्ये पेट्रोलवर चालणारे यंत्र बाजारात आणले. अमेरिकेत टोरो कंपनीने १९१९ मध्ये मिनियापोलिसच्या मिनिकाडा क्लबसाठी शेतीच्या ट्रॅक्टरला अनेक कापणीयंत्रे जोडून दिली आणि तोवर ही यंत्रे ओढणारे घोडे मैदानावरून निवृत्त झाले.

कापणी

बडिंग यांच्या यंत्राचे तत्त्व दोनशे वर्षांनीही बदललेले नाही. ग्रीन आणि फेअरवेवर चालतो तो ‘रील मोवर’. त्यात सर्पिल पात्यांचा एक दंडगोल फिरतो आणि खाली एक स्थिर, आडवे पाते असते. गवताचे पान या दोहोंमध्ये सापडून कात्रीत यावे तसे कापले जाते. घरच्या बागेत वापरतात त्या रोटरी यंत्राचे पाते आडवे गरगरते आणि गवताला फटका मारून तोडते. रफसाठी ते चालते. ३ मिमी.वर मात्र त्याने गवत फाटते, टोके पांढुरकी पडतात आणि त्या जखमांतून बुरशी शिरते. ग्रीनवरच्या यंत्राला अकरा ते चौदा पाती असतात. पाते ठरल्या उंचीच्या वर-खाली जरासे जरी गेले, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी खेळाडूंना ते कळते. म्हणून रोज पहाटे यंत्र बाहेर काढण्यापूर्वी मेकॅनिक कागदाची एक पट्टी दोन पात्यांमध्ये धरतो आणि रील हाताने हळूच फिरवतो. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी आणि स्वच्छ कापली गेली, तर यंत्र मैदानावर जाते. कुठे कागद नुसता दुमडला, तर स्थिर पाते तिथे थोडे वर घ्यावे लागते.

ग्रीनसाठी दोन तऱ्हेची यंत्रे आहेत. मागून चालत ढकलायचे यंत्र सुमारे अर्धा मीटर रुंदीचे असते. ते हलके असल्याने जमीन कमी दाबते आणि त्याचे पट्टेही देखणे उठतात. बसून चालवायच्या ‘ट्रिप्लेक्स’ला तीन रील असतात, एकटा माणूस त्यावर सकाळभरात अठरा ग्रीन उरकतो. जुन्या ट्रिप्लेक्समध्ये रील फिरवायला हायड्रॉलिक तेलाचा दाब वापरीत. एखादी नळी फुटली की तापलेले तेल ग्रीनवर सांडे, आणि यंत्र गेले त्या वाटेने गवत करपून तपकिरी रेघ उमटे. ती भरून यायला कित्येक आठवडे लागतात. रीलला विजेची मोटर जोडणारी संकरित यंत्रे आणि पूर्ण बॅटरीवरची यंत्रे आली, त्यांचा खरा फायदा इथे आहे. इंधन वाचते आणि धूर कमी होतो हे खरेच, पण मैदान सांभाळणाऱ्याला आधी आठवते ती तेलाची रेघ. दुसरा फायदा आवाजाचा. मैदानालगत घरे असतील, तर पहाटे पाचला डिझेलचे यंत्र सुरू करणे म्हणजे तक्रारींना निमंत्रण. बॅटरीचे यंत्र निमूट काम उरकते. लिथियम-आयन बॅटऱ्यांमुळे वजन आटोक्यात आले. तोवर विजेवरची यंत्रे बरीच जड होती आणि भिजलेल्या जमिनीवर त्यांचे चाकोरे पडत.

स्वयंचलित मोवरची कल्पनाही नवीन नाही. स्वीडनच्या हुस्क्वार्ना कंपनीने १९९५ मध्ये सौरऊर्जेवर चालणारा यंत्रमानवी मोवर बाजारात आणला. पुढच्या यंत्रांना हद्द कळावी म्हणून जमिनीत तार पुरीत. ही तार एरेशनच्या, म्हणजे जमिनीत भोके पाडून ती मोकळी करण्याच्या, वेळी तुटे, आणि नेमकी कुठे तुटली ते शोधण्यात दिवस जाई. आता उपग्रहाच्या संकेतांना जवळच्या स्थानकावरून दुरुस्ती मिळते आणि यंत्राला आपली जागा दोन-तीन सेंटीमीटरच्या आत कळते, त्यामुळे तारेची गरज उरलेली नाही. ही यंत्रे वस्तऱ्याच्या पात्यासारख्या छोट्या पात्यांनी रोज थोडे थोडे कापतात. कापलेला बारीक भुगा तिथेच पडतो, कुजतो आणि त्यातला नत्र गवताला परत मिळतो. फेअरवे, रफ आणि सरावाच्या मैदानावर त्यांचा जम बसत आहे. ग्रीनवर अजून माणूसच बरा, कारण चेंडूने पडलेला खड्डा, रात्रीत उगवलेला रोगाचा डाग किंवा सुकत चाललेला कोपरा तो कापता कापता पाहतो. यंत्र रात्री चालवायचे की नाही, हाही प्रश्न आहे. युरोपात रात्री हिंडणारे हेजहॉग हे छोटे काटेरी प्राणी या यंत्रांखाली जखमी होतात, म्हणून तिथे ती दिवसाच चालवावीत असा आग्रह धरला जातो.

रूळ आणि वेगाचे माप

ग्रीनवर चेंडू किती वेगाने घरंगळतो हे मोजणारे ‘स्टिम्पमीटर’ म्हणजे सुमारे ९१ सेंमी. लांबीची एक पन्हाळी. ती हळूहळू उचलली की सुमारे २० अंशांच्या कोनाला चेंडू खाचेतून सुटतो. तो किती फूट गेला, तो त्या ग्रीनचा वेग. मॅसॅच्युसेट्सचे गोल्फपटू एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये ओकमाँट येथे अमेरिकन खुल्या स्पर्धेतली ग्रीन पाहून हे साधन तयार केले आणि १९७०च्या दशकात अमेरिकन गोल्फ संघटनेने सुधारून ते स्वीकारले. ग्रीन सगळीकडे सारखी असावीत एवढाच हेतू होता. प्रत्यक्षात क्लबांमध्ये आकड्यांची चढाओढ लागली आणि वेग वाढवण्यासाठी गवत आणखी आणखी खाली कापले जाऊ लागले. त्यातून गवत अशक्त झाले आणि औषधांचा खर्च वाढला.

यावर एक साधा उपाय हलक्या रुळाने दिला. गवत न कापता नुसता रूळ फिरवला तरी वेग वाढतो. मिशिगन स्टेट विद्यापीठातील प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली : नियमित रूळ फिरवलेल्या ग्रीनवर ‘डॉलर स्पॉट’ हा बुरशीचा रोग कमी पडतो. जमीन दाबली जाईल या भीतीने कित्येक वर्षे रूळ टाळला जात होता, हे लक्षात घेतले तर हा निष्कर्ष किती उपयोगी ते कळते. आता अनेक ठिकाणी एक दिवस कापणी आणि एक दिवस रूळ असा क्रम ठेवतात. त्याने गवताला उसंत मिळते आणि बुरशीनाशकाची एखादी फेरीही वाचते.

जमिनीखालचे काम

रोजची पायपीट आणि यंत्रांचे वजन यांनी जमीन घट्ट होते, मुळांना हवा मिळत नाही. वर मेलेल्या मुळा-खोडांचा स्पंजासारखा थर साचतो. त्याला ‘थॅच’ म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे एरेशन. पोकळ दात जमिनीत रोवून मातीच्या बारीक कांड्या बाहेर काढायच्या आणि भोके वाळूने भरायची. अमेरिकेत टॉम मॅस्कॅरो यांच्या कंपनीने १९४६ मध्ये यासाठीचे यंत्र आणले. आजची यंत्रे दाताची खोली आणि भोकांमधले अंतर बदलू देतात, काही पाव मीटरहून खोल जातात, तर काही दाबाने नुसते पाणी किंवा हवा सोडतात आणि पृष्ठभाग जवळजवळ न मोडता काम उरकतात. या कामानंतर आठवडाभर ग्रीन ओबडधोबड राहतात आणि सदस्य कुरकुर करतात. ज्या समितीने त्या कुरकुरीला भिऊन एरेशन पुढे ढकलले, तिला वर्षभराने मेलेले ग्रीन पाहावे लागते.

अमेरिकन गोल्फ संघटनेने १९६० मध्ये ग्रीनच्या रचनेची शिफारस प्रसिद्ध केली : वर सुमारे ३० सेंमी. वाळूप्रधान थर, खाली सुमारे १० सेंमी. खडी आणि तिच्याखाली निचऱ्याचे पाइप. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनलसारख्या श्रीमंत क्लबांत याच पाइपांना पंखे जोडून पाणी खाली ओढले जाते किंवा मुळांकडे हवा ढकलली जाते.

पाणी

निगेतील सर्वांत वादग्रस्त भाग हा. पाणी फवारणाऱ्या तोट्यांमध्ये मोठा बदल झाला तो कॅलिफोर्नियाच्या ग्लेंडोरा येथील लिंबूवर्गीय फळांचे बागायतदार ऑर्टन एंगलहार्ट यांच्या १९३५ च्या पेटंटने. टक-टक करीत गोल फिरणारा स्प्रिंकलर त्यांचाच. आता प्रत्येक तोटीला स्वतंत्र झडप असते आणि कोणती तोटी किती मिनिटे चालवायची हे फोनवरून ठरवता येते. हवामान केंद्राकडून ऊन, वारा, तापमान आणि आर्द्रतेचे आकडे येतात. गवताने आणि जमिनीने मिळून काल किती पाणी गमावले याचा हिशेब संगणक मांडतो आणि तेवढेच परत देतो. पंपांना गती बदलणारी नियंत्रणे बसवल्याने चार तोट्या चालू असताना पूर्ण ताकदीने पंप चालवण्याची गरज पडत नाही आणि विजेचे बिल उतरते.

पण या सगळ्याआधी एक बिनखर्ची चाचणी करावी. मैदानावर सारख्या अंतरावर सारख्या वाट्या मांडायच्या, पंधरा मिनिटे पाणी सोडायचे आणि कोणत्या वाटीत किती पाणी पडले ते मोजायचे. एखाद्या वाटीत इतरांच्या निम्मेच पाणी असेल, तर ती जागा हिरवी ठेवण्यासाठी उरलेल्या मैदानाला दुप्पट पाणी मिळत आहे असे समजावे. वाकडी झालेली तोटी सरळ करणे किंवा झिजलेला नोझल बदलणे हा खर्च संगणकाच्या तुलनेत काहीच नाही.

ओल मोजण्याचे हाताचे यंत्र अलीकडच्या काळातील सर्वांत उपयोगी साधन म्हणावे लागेल. काठीसारख्या दांड्याच्या टोकाला दोन धातूच्या सळ्या असतात. त्या जमिनीत खुपसल्या की विद्युत स्पंद त्यांच्यावरून जाऊन परत येतो. कोरड्या मातीत तो वेगाने जातो, ओलीत रेंगाळतो, कारण पाण्याचा विद्युत-अपार्यता अंक (डायइलेक्ट्रिक स्थिरांक; तो जितका मोठा तितका स्पंद हळू जातो) ८० च्या आसपास असतो, तर कोरड्या मातीचा अवघा ३ ते ५. या वेळेवरून मातीतील पाण्याची टक्केवारी पडद्यावर उमटते. दुपारी माळी ग्रीनवर दहा-पंधरा ठिकाणी सळ्या खुपसतो, जिथे आकडा खाली आला तिथे एक छोटे निशाण रोवतो आणि फक्त तेवढ्या जागी हातातल्या पाइपने पाणी देतो. पूर्वी एक कोपरा सुकलेला दिसला की सगळ्या ग्रीनवर तोट्या सोडल्या जात. जास्त पाण्याने मुळे वर येतात, बुरशी वाढते, जमीन मऊ होते. म्हणजे पाण्याबरोबर औषध आणि एरेशनचा खर्चही वाढतो.

पाणी वाचवण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे निगेची जागाच कमी करणे. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिनातील पाइनहर्स्ट क्रमांक २ या मैदानाचे २०१०-११ मध्ये नूतनीकरण झाले. मैदानांचे रचनाकार बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी सुमारे ३५ एकरांवरील लावलेले गवत काढून टाकले आणि तिथे मूळची वाळू व रानटी गवताचे झुबके येऊ दिले. सुमारे ११५० तोट्यांपैकी जेमतेम ४५० राहिल्या. २०१४ मध्ये पुरुष आणि महिला अशा दोन्ही अमेरिकन खुल्या स्पर्धा लागोपाठच्या आठवड्यांत तिथे झाल्या. तपकिरी कडा पाहून काही प्रेक्षकांनी नाके मुरडली, पण कापायला, पाणी द्यायला आणि फवारायला जागाच कमी उरल्याने जी बचत झाली, ती यंत्र बदलून झाली नसती.

फवारणी

नव्या फवारणी-गाड्यांना उपग्रहाच्या नकाशाची जोड असते. बूमवरचा (गाडीच्या आडव्या दांड्यावरचा) प्रत्येक नोझल वेगळा चालू-बंद होतो, त्यामुळे एकदा फवारलेल्या पट्ट्यावर पुन्हा औषध पडत नाही आणि तळ्याच्या काठाशी नोझल आपोआप मिटतो. ड्रोनच्या छायाचित्रांतून ताणाखाली आलेले गवत डोळ्याला दिसण्याआधी कळते, असे सांगतात. पण डाग दिसला तरी कारण शोधायला शेवटी सळी आणि चाकू घेऊन तिथे जावेच लागते.

भारतातील स्थिती

भारतात १८२९ मध्ये स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब. महाराष्ट्रात पुण्याच्या येरवडा भागात आणि मुंबईत चेंबूर येथे जुनी मैदाने आहेत. उष्ण प्रदेशांतील बहुतेक मैदानांवरचे बर्म्युडा गवत म्हणजे आपल्याकडे शेतात तण म्हणून उपटली जाणारी आणि गणपतीला वाहिली जाणारी हरळी. ग्रीनसाठी तिचे बुटके संकर लावतात. अमेरिकेत जॉर्जियातील टिफ्टन येथे तयार झालेला ‘टिफड्वार्फ’ हा १९६५ चा वाण त्यांतला प्रसिद्ध. ही हरळी आडवी पसरते, म्हणून उभ्या पात्यांनी तिला मधून मधून चिरणारा ‘व्हर्टिकटर’ इथे थंड देशांपेक्षा जास्त वापरावा लागतो.

आपल्याकडची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. जूननंतर गवत भराभर वाढते आणि त्याच वेळी जमीन इतकी भिजलेली असते की जड यंत्र आत नेता येत नाही. तेव्हा हलकी, चालत ढकलायची यंत्रे आणि बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) उतारावर हवेच्या गादीवर तरंगणारे मोवर कामी येतात. मार्च ते मे या काळात प्रश्न उलटतो आणि पाणी आणायचे कुठून ही चिंता लागते. प्रक्रिया केलेले सांडपाणी हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग.

मजुरी तुलनेने स्वस्त असल्याने यंत्रमानवी मोवरचे गणित इथे अजून जुळत नाही. ओल मोजणारी काठी, वाट्यांची चाचणी, हलका रूळ आणि पात्याला धार लावणारे ग्राइंडर यांवर खर्च केलेला पैसा मात्र लवकर परत येतो. बहुतेक मोवर आयात केलेले असतात आणि सुटा भाग यायला आठवडे लागतात, त्यामुळे नवे यंत्र घेतानाच जादा रील, स्थिर पाती आणि बेअरिंग मागवून ठेवण्याची पद्धत मैदानाच्या निगेचे अनुभवी प्रमुख (सुपरिंटेंडंट) पाळतात.