वाचनकट्टा (ठाणे)

ओळखीच्या माणसांनी ठरावीक काळाने जमून आधी नेमलेल्या पुस्तकावर बोलण्याचा प्रघात. ठाणे शहरात आणि खाडीपलीकडच्या नवी मुंबईत तो वाचनकट्टा, वाचक मंडळ, पुस्तक भिशी, बुक क्लब अशा नावांनी चालतो. सदस्य साधारणतः पाच ते पंधरा. बैठक बहुधा महिन्यातून एकदा, सुटीच्या दिवशी. जागा म्हणजे कुणाचा दिवाणखाना, सोसायटीचे क्लबहाऊस किंवा ग्रंथालयातली एखादी खोली. घटना, नोंदणी, पावतीपुस्तक यांपैकी काही नसते. त्यामुळे या प्रघाताचा मागोवा शेजारच्या नोंदणीकृत संस्थांच्या आधारानेच घ्यावा लागतो. व्याख्यानमाला, कविसंमेलने आणि अभिवाचनाचे प्रयोग या नोंदीत धरलेले नाहीत. त्यांत बोलणारे आणि ऐकणारे वेगळे असतात, कट्ट्यावर ते तेच असतात. नौपाड्यातील आचार्य अत्रे कट्टा नावाने याच कुळातला वाटला, तरी पाहुण्याला बोलावून त्याला ऐकणे हे त्याचे मुख्य रूप. म्हणून काटेकोरपणे पाहता तोही या व्याख्येबाहेर राहतो.

उगम : याविषयी एकवाक्यता नाही. एका मतानुसार कट्ट्याचे मूळ पोथीवाचनात आहे. चातुर्मासात घरी वा देवळात पोथी लावायची, एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, अडले तिथे जाणत्याने अर्थ सांगायचा आणि समाप्तीला प्रसाद, ही पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र रूढ होती. श्रीधराचे हरिविजय, पांडवप्रताप आणि शिवलीलामृत हे ग्रंथ घराघरांत पोचले ते बरेचसे अशा श्रवणातूनच. ठाण्यातील चरई, खारकर आळी, जांभळी नाका या जुन्या वस्त्यांतील घरे याला अपवाद असण्याचे कारण नाही. आजच्या बैठकीतही एकाने उतारा वाचायचा, मग थांबून बोलायचे आणि शेवटी खाणे, हा क्रम टिकून आहे. या मताचा जोर त्या साम्यावर आहे. अडचण अशी की पोथीपुढे बसलेला श्रोता शंका विचारतो, पण ग्रंथाला गुण देत नाही. ‘दुसऱ्या निम्म्यात लेखक घसरला’ असे म्हणण्याची मुभा हा कट्ट्याचा प्राण आहे, आणि पोथीसमोर ती संभवत नाही. बैठकीची मांडणी पोथीकडून आली असेल, वृत्ती तिथून आलेली दिसत नाही.

दुसरे मत एकोणिसाव्या शतकातील सभांकडे बोट दाखवते. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी साहित्य व विज्ञान यांच्या चर्चेसाठी सभा काढली. तिची मराठी शाखा ज्ञानप्रसारक सभा म्हणून ओळखली जाई. तेथे निबंध वाचला जाई व त्यावर चर्चा होई. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि ठाणे मुंबईपासून सुमारे तासाभराच्या अंतरावर आले. १८६६ मध्ये ठाण्यात काशिनाथ विष्णू फडके यांनी अरुणोदय हे वृत्तपत्र सुरू केले. न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. हा सारा काळ चर्चेने भारलेला होता हे खरे. तथापि सभेत विषय आधी येतो आणि पुस्तक आलेच तर दाखल्यापुरते. कट्ट्यावर पुस्तक आधी, विषय त्याच्या पोटातून निघतो. शिवाय सभेत बोलणारा निबंध लिहून आणी. कट्ट्यावर लिहून आणलेल्या कागदाकडे आजही जरा संशयानेच पाहिले जाते. केसरी (१८८१) आणि इतर पत्रे चारचौघांत मोठ्याने वाचली जात, त्याचाही काही जण येथे दाखला देतात. तो ताज्या बातमीच्या वाचनाचा आहे, पुस्तकाच्या नव्हे.

तिसरे मत ग्रंथालयाच्या बाजूचे असून ते अधिक ग्राह्य वाटते. चर्चा व्हायची तर एकच पुस्तक थोड्या दिवसांत अनेकांच्या हातून जायला हवे. पुस्तके घरी देणाऱ्या ग्रंथालयाआधी हे मोजक्या घरांनाच परवडे. ठाण्यातील नगर वाचन मंदिराचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जातो. शेजारच्या कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. पण मराठी वाचकाच्या दृष्टीने निर्णायक घटना म्हणजे १ जून १८९३ रोजी ठाण्यात स्थापन झालेले मराठी ग्रंथ संग्रहालय. त्याआधीची बहुतेक वाचनालये ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या धाटणीची होती. त्यांत इंग्रजी पुस्तकांना मान आणि मराठीला उरलेले कपाट मिळे. केवळ मराठी ग्रंथांसाठी संस्था काढण्याची कल्पना ठाण्यात आधी प्रत्यक्षात आली. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे आहे.

संस्थापकांत विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णु भास्कर पटवर्धन ही नावे अग्रभागी येतात. भावे १८७१ चे, म्हणजे स्थापनेच्या वेळी एकवीस वर्षांचे. पुढे महाराष्ट्र सारस्वत या मराठी वाङ्मयेतिहासाने ते प्रसिद्ध झाले (त्याला शं. गो. तुळपुळे यांनी नंतर पुरवणी जोडली), पण १८९३ साली ते पुस्तकवेडे तरुण होते, वाङ्मयेतिहासकार नव्हते. म्हणजे हे संग्रहालयसुद्धा समवयस्कांच्या वाचनसंगतीतूनच उभे राहिले, असा तर्क करण्यास वाव आहे. हा तर्क मानला तर कट्टा ग्रंथालयातून निघाला की ग्रंथालय कट्ट्यातून, हा प्रश्नच उलटा होतो. सावधगिरी एवढीच की १८९३ ही संग्रहालयाची तारीख आहे. ती कट्ट्याची जन्मतारीख म्हणून देऊ नये. जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरसारखी साधनेही संस्थांची दखल घेणारी आहेत, घरगुती बैठका त्यांच्या कक्षेत येत नाहीत.

विसावे शतक : १९२३ मध्ये पुण्यात निघालेल्या रविकिरण मंडळाशी कट्ट्याची तुलना केली जाते. चहा आणि मैत्री हा समान धागा आहे, पण ती कवींची मंडळी होती आणि आपल्याच कविता एकमेकांस वाचून दाखवत. त्यापेक्षा १९७४ मध्ये सुरू झालेल्या ग्रंथालीचा संबंध जवळचा. तिने स्वतःस प्रकाशनसंस्था न म्हणता वाचक चळवळ म्हटले, आणि दया पवार यांचे बलुतं (१९७८) यासारखी पुस्तके सभासद-वाचकांच्या जाळ्यातून पोचवली. वाचकाने नुसते गिऱ्हाईक न राहता मत द्यावे, ही अपेक्षा मध्यमवर्गीय घरांत रुजली ती या काळात. ठाण्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने १९६० (अध्यक्ष रा. श्री. जोग), १९८८ (वसंत कानेटकर) आणि २०१० (उत्तम कांबळे) अशी तीनदा भरली. संमेलनानंतर वाचक मंडळांना भरती येते आणि दोन-तीन वर्षांत ओसरते, असे जुने कार्यकर्ते सांगतात.

प्रतींचा प्रश्न : कट्टा टिकतो की मोडतो हे सदस्यांच्या आवडीपेक्षा प्रतींवर ठरते. दहा जण आणि एक पुस्तक. त्याची एक प्रत ग्रंथालयाची, एक कुणाच्या घरची, एखादी नवी विकत घेतलेली. मग साखळी लावतात : कोणी किती दिवसांत वाचून पुढच्याला द्यायचे याची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि तिसऱ्या-चौथ्या नावापाशी हमखास अडकते. यावर तोडगा म्हणून काही गट पूर्ण पुस्तकाऐवजी एकेक प्रकरण घेतात, तर काही जण प्रत्येकाने वेगळे पुस्तक वाचून त्यावर बोलावे असे ठरवतात. दुसरी पद्धत सोपी खरी, पण तीत वाद होत नाही. बाकीच्यांनी पुस्तक वाचलेलेच नसल्याने माना डोलावण्यापलीकडे त्यांना काम उरत नाही, आणि कट्ट्याचे हळूहळू परिचयवर्गात रूपांतर होते.

पुस्तक भिशी हा त्याहून धूर्त उपाय. समजा, दहा जणांनी महिन्याला दोनशे रुपये काढले. चिठ्ठीत ज्याचे नाव येईल त्याने त्या दोन हजारांची पुस्तकेच घ्यायची, रोकड न्यायची नाही. पुस्तके त्याच्या मालकीची होतात, मात्र ती आधी सर्वांत फिरवण्याचे बंधन असते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांकडे फिरतात आणि अदलाबदल होतात. तत्त्व जवळपास तेच, फक्त पैसा देणगीदाराचा.

पुस्तकाची छापील प्रत बाजारात मिळत नसेल तर झेरॉक्सचा आसरा घेतला जातो. येथे कायद्याचा मुद्दा येतो. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढील कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे हक्क राहतात. खासगी वापर आणि टीका-समीक्षा यांसाठी उचित वापराची सवलत आहे, पण अख्ख्या पुस्तकाच्या दहा प्रती काढून वाटणे त्या सवलतीत बसवणे कठीण. लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या स्मृतिचित्रांना ही अडचण कधीचीच उरलेली नाही. इरावती कर्वे यांचे निधन १९७० चे, म्हणून त्यांच्या लेखनाचे हक्क २०३० अखेरपर्यंत आहेत. ठाण्यातील कट्ट्यांवर हा हिशेब क्वचितच कुणी मांडतो.

बैठक : बैठक ज्याच्या घरी, तो पहिले वाक्य बोलतो. त्यानंतर प्रत्येकाला काही मिनिटे न अडवता बोलू देतात. पुस्तक सुचवणाऱ्याची पाळी शेवटी, कारण तो आधी बोलला तर बाकीचे भिडेखातर मऊ होतात. कथानक सांगत बसण्यास मज्जाव असतो. संबोधने घरगुती : ताई, काका, मॅडम, क्वचित सर, निवृत्त प्राध्यापक असले तर ‘सर’ आपोआप येते आणि चर्चेचा वर्ग होण्याचा धोकाही. पुस्तक न वाचता नियमाने येणारा सदस्य प्रत्येक कट्ट्यावर असतो. त्याला काढून टाकल्याचे ऐकिवात नाही. बऱ्याचदा सर्वांत नेमका प्रश्न तोच विचारतो.

ग्रंथालयाच्या जुन्या प्रतीवर चर्चा असेल तर बैठकीत न आलेले वाचकही सामील होतात. समासात पेन्सिलीने ‘वा!’, ‘हे पटत नाही’, ‘पाहा पान मागील’ असे शेरे असतात, आणि एखाद्या शेऱ्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात त्याला उत्तरही. असा शेरा मोठ्याने वाचला की मूळ परिच्छेदापेक्षा त्यावरच अधिक वेळ जातो. ग्रंथपालांना हे शेरे मंजूर नाहीत, हे सांगायला नको.

निवडीत कादंबऱ्या व आत्मचरित्रे यांचे पारडे जड आहे. इरावती कर्वे यांचे युगान्त (१९६७, साहित्य अकादमी पुरस्कार १९६८) कट्ट्यांच्या दृष्टीने सोयीचे, कारण त्यातील लेख सुटे वाचता येतात आणि महाभारतातली माणसे सर्वांच्या ओळखीची आहेत. त्यातील, विदुर हाच धर्मराजाचा पिता असेल का असे विचारणारे प्रकरण घेतले की बैठक ठरल्या वेळी संपत नाही. पुरावा पुरेसा आहे का, असे विचारणारे एका बाजूला, आणि असा प्रश्न उपस्थित करावाच का म्हणणारे दुसऱ्या बाजूला, अशी फाळणी होते. कवितासंग्रह आणि वैचारिक निबंध मागे पडतात. दुपारी भरणाऱ्या महिलांच्या गटांत मात्र वैचारिक पुस्तकांचे प्रमाण बरे असते.

वाचायला वेळ कुठून मिळतो, याचे उत्तर ठाण्यात बहुधा लोकल असे येते. ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळाली तर मुंबईपर्यंत सलग वाचन होते. कळवा-मुंब्र्याकडून भरून आलेल्या गाडीत पुस्तक उघडण्याचाही प्रश्न नसतो. २०२० च्या टाळेबंदीत बैठका पडद्यावर गेल्या. परगावी गेलेले सदस्य त्यामुळे परतले, म्हणून काही गटांनी समोरासमोर जमतानाही एक फोन चालू ठेवण्याची प्रथा कायम केली. १५ ऑक्टोबरला, २०१५ पासून राज्यात साजरा होणाऱ्या वाचन प्रेरणा दिनी, शाळा-महाविद्यालयांना अशा गटांची आठवण होते.

नवी मुंबई : हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची आणि नवी मुंबई महानगरपालिका १९९२ पासूनची, त्यामुळे येथे जुन्या ग्रंथालयाचा आधार नाही. वाशीतील मराठी साहित्य, संस्कृती व कला मंडळाचे साहित्य मंदिर सभागृह हे वाङ्मयीन कार्यक्रमांचे ठळक ठिकाण. नेरूळ, ऐरोली, सीबीडी बेलापूर येथील गट सोसायट्यांच्या आश्रयाने चालतात. नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे–वाशी रेल्वेमार्ग सुरू झाल्यावर दोन्ही शहरांच्या गटांत ये-जा वाढली. सेक्टरांतील वस्ती अनेक भाषांची असल्याने येथील गट मराठी, हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलतात आणि दोन भाषांत उपलब्ध असलेले पुस्तक पसंत करतात. युगान्त येथेही उपयोगी पडते, कारण त्याचे इंग्रजी रूप खुद्द लेखिकेनेच १९६९ मध्ये सिद्ध केले आहे. दोन्ही आवृत्त्यांची पाने जुळत नाहीत; म्हणून असे गट पान न सांगता प्रकरणाचे नाव सांगून संदर्भ देतात.