वॉशिंग्टनच्या बेसबॉल चाहत्याने संघ का बदलले?

अमेरिकेच्या राजधानीत आज पंचाहत्तरी ओलांडलेल्या बेसबॉल चाहत्याला त्याचा संघ कोणता असे विचारले, तर उत्तरात बहुधा चार नावे येतात. बालपणी सेनेटर्स, नंतर त्याच नावाचा पण वेगळाच क्लब असलेले दुसरे सेनेटर्स, मधली तेहतीस वर्षे शेजारच्या बाल्टिमोरचे ओरिओल्स आणि २००५ पासून नॅशनल्स. न्यूयॉर्क किंवा बोस्टनच्या चाहत्याला हा चंचलपणा वाटतो. प्रत्यक्षात या चारपैकी तीन नावे क्लबमालकांच्या निर्णयांतून आली असून चाहत्याने आपण होऊन केलेली निवड एकच होती, ती बाल्टिमोरची.

पहिले सेनेटर्स १९०१ मध्ये अमेरिकन लीगच्या स्थापनेपासून तिचे सदस्य होते. वॉल्टर जॉन्सन हा ४१७ सामने जिंकणारा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू; सामन्याचा जय-पराजय त्याच्या नावावर नोंदला जातो) आपली संपूर्ण कारकीर्द याच संघाकडून खेळला, आणि १९२४ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यात त्याने अखेरच्या डावांत येऊन बाराव्या डावात विजय मिळवून दिला. १९३३ मध्ये संघ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला, पण हरला. त्यानंतर मात्र तळाची जागा जणू त्याच्यासाठीच राखून ठेवलेली असे.

त्या काळातही शहराची निष्ठा एकसंध नव्हती. सेनेटर्सच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंच्या लीगमधील होमस्टेड ग्रेज हा संघही भाडे देऊन खेळत असे. जॉश गिब्सन आणि बक लेनर्ड यांचा हा संघ सेनेटर्सपेक्षा कितीतरी सरस होता. मालक क्लार्क ग्रिफिथ यांना हे भाडे हवे होते, मात्र ते खेळाडू आपल्या संघात नको होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन डॉजर्स संघाने १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला खेळवले, तर सेनेटर्सच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, क्यूबाचा कार्लोस पाउला, यायला १९५४ उजाडले. त्या सात वर्षांत शहरातील अनेक कृष्णवर्णीय चाहत्यांचे मन ब्रुकलिनकडे वळले असेल, तर त्याचा जाब त्यांना विचारण्याचे कारण नाही.

क्लार्क ग्रिफिथ १९५५ मध्ये वारले आणि क्लब कॅल्व्हिन ग्रिफिथ यांच्याकडे आला. ऑक्टोबर १९६० मध्ये त्यांनी तो मिनेसोटाला हलवला आणि तेथे तो ट्विन्स या नावाने खेळू लागला. स्थलांतराचे कारण म्हणून घटलेली प्रेक्षकसंख्या पुढे केली जाई. १९७८ मध्ये मिनेसोटातील एका भाषणात मात्र ग्रिफिथ यांनीच सांगून टाकले की, तेथे कृष्णवर्णीयांची वस्ती अगदी थोडी आहे हे कळल्यावर आपण तेथे आलो. मिनीआपोलिसच्या मैदानाबाहेरील त्यांचा पुतळा २०२० मध्ये हटवण्यात आला तो याच भाषणामुळे.

येथे क्लबच्या मालकीची व्यवस्था समजून घ्यायला हवी. रणजी संघ राज्य वा शहर संघटनेचा असतो, त्यामुळे तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही. अमेरिकेतील क्लब ही खासगी मालमत्ता असते आणि इतर मालकांची संमती मिळाली की ती दुसऱ्या शहरात जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नव्हे असे ठरवून या खेळाला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मोकळे ठेवले. कोणत्या शहराला संघ मिळावा याचा निर्णय त्यामुळे मालकांच्याच मंडळाकडे राहिला. ही सवलत काढून घेण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, होता, आणि काँग्रेसचे सदस्य राहत होते वॉशिंग्टनमध्येच. जुना संघ जात असल्याचे जाहीर झाले त्याच दिवशी शहराला नवा संघ देण्याचेही जाहीर झाले, यामागे ही धास्ती नव्हती असे मानणे कठीण आहे.

हे दुसरे सेनेटर्स १९६१ मध्ये उतरले आणि पहिल्या चारही हंगामांत त्यांनी शंभर किंवा अधिक सामने गमावले. नाव जुने आणि खेळाडू अनोळखी असल्यामुळे कित्येकांनी आपला जीव मिनेसोटाला गेलेल्या हार्मन किलब्रूमध्ये अडकवून ठेवला. नव्या संघाला आपले म्हणावे असे वाटू लागले ते उंचापुऱ्या फ्रँक हॉवर्डच्या होमरन्समुळे (क्रिकेटमधील षटकारासारखे मैदानाबाहेर टोलवलेले फटके) आणि १९६९ च्या एका चांगल्या हंगामामुळे. त्या वर्षी टेड विल्यम्स यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने ८६ सामने जिंकले.

मालक बॉब शॉर्ट यांनी क्लब कर्ज काढून घेतला होता. पुढच्याच वर्षी त्यांनी डेट्रॉईटशी अदलाबदल करून पिचर डेनी मॅक्लेनला आणले आणि त्यासाठी मैदानातील डाव्या बाजूचे दोन भरवशाचे क्षेत्ररक्षक व एक उमदा पिचर देऊन टाकले. मॅक्लेन १९७१ मध्ये २२ सामने हरला. तोट्याचे कारण देत शॉर्ट यांनी संघ टेक्सासला नेण्याची परवानगी मागितली आणि सप्टेंबर १९७१ मध्ये इतर मालकांनी ती दिली.

३० सप्टेंबर १९७१ रोजी शेवटचा सामना न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध झाला. हॉवर्डने सहाव्या डावात होमरन मारला. नवव्या डावात वॉशिंग्टन ७–५ असे पुढे होते आणि दोन फलंदाज बाद झाले होते. आणखी एक बाद होताच सामना संपला असता, पण तेवढ्यात प्रेक्षक मैदानात घुसले आणि त्यांनी बेसेस (धावताना गाठायच्या मैदानातल्या गाद्या) आणि गवताचे तुकडेही उपटून नेले. पंचांनी नियमाप्रमाणे सामना ९–० असा यांकीजना बहाल केला. म्हणजे नोंदवहीत हा पराभव चाहत्यांच्या खात्यावर पडला; मला मात्र शॉर्ट यांचे नाव तेथे अधिक शोभले असते असे वाटते. त्याच हंगामात कर्ट फ्लड सेनेटर्सकडून तेरा सामने खेळून निघून गेला होता. बेसबॉलच्या कायदेशीर सवलतीलाच त्याने आव्हान दिले होते आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. तोवर संघ टेक्सास रेंजर्स झाला होता.

डिसेंबर १९७३ पर्यंत सॅन डिएगोचा पाद्रेस संघ वॉशिंग्टनला येणार हे जवळपास ठरले होते. टॉप्स कंपनीने १९७४ च्या खेळाडूकार्डांवर वॉशिंग्टनचे नाव छापूनही टाकले. त्यानंतर मॅकडोनाल्ड्सचे रे क्रॉक यांनी तो संघ विकत घेतला आणि तो सॅन डिएगोतच राहिला.

अशा वेळी बाल्टिमोर सुमारे साठ किलोमीटरवर होते. ओरिओल्स हाही १९५४ मध्ये सेंट लुईसहून हलवलेलाच संघ. पण १९६६ आणि १९७० ची विजेतेपदे त्याच्या नावावर होती आणि खेळ देखणा होता. वॉशिंग्टनमधील वकील एडवर्ड बेनेट विल्यम्स यांनी १९७९ मध्ये तो विकत घेतल्यावर राजधानीतील गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून विक्री होऊ लागली. दौऱ्यावरच्या गणवेशावरून ‘बाल्टिमोर’ हे नाव तर १९७० च्या दशकातच गेले होते, ते २००९ मध्ये परतले. १९८३ चे विजेतेपद आणि १९९५ मध्ये कॅल रिप्केनने सलग २,१३१ सामने खेळून मोडलेला विक्रम वॉशिंग्टनच्या उपनगरांतील घराघरांत आपला म्हणून साजरा झाला. या काळात वाढलेल्या मुलांच्या दृष्टीने ओरिओल्स हा पर्यायी संघ नव्हता. तो त्यांचा पहिलाच संघ होता.

त्यामुळे २००५ मध्ये माँट्रियल एक्सपोज हा संघ वॉशिंग्टनला येऊन नॅशनल्स झाला तेव्हा घरांतच फूट पडली. वडील नव्या संघाकडे गेले, मुले अनेकदा ओरिओल्सपाशीच राहिली. शिवाय या वेळी उजाड झालेले शहर माँट्रियल होते, ही बोच १९७१ पाहिलेल्यांना अधिक जाणवायला हवी होती. फारशी जाणवल्याचे दिसले नाही. १४ एप्रिल २००५ च्या पहिल्या घरच्या सामन्यात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सलामीचा चेंडू टाकला. तो चेंडू १९७१ च्या अपूर्ण राहिलेल्या सामन्यातील होता. त्या रात्रीचा पिचर जो ग्रझेंडा याने तो जपून ठेवला होता आणि त्यानेच तो बुश यांच्या हाती दिला. बुश स्वतः पूर्वी टेक्सास रेंजर्सचे, म्हणजे शहरातून गेलेल्या त्याच क्लबचे, भागीदार होते.

नॅशनल्सने २०१९ मध्ये ह्यूस्टनला सात सामन्यांत हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. शहराचे हे १९२४ नंतरचे पहिलेच विजेतेपद. क्लबच्या वंशावळीनुसार १९२४ चे यश मात्र मिनेसोटाचे आहे.

बाल्टिमोरशी असलेला हिशेब त्यानंतरही मिटला नव्हता. ओरिओल्सचे मालक पीटर अँजेलोस यांचा वॉशिंग्टनला संघ देण्यास विरोध होता. त्यांची भरपाई म्हणून दोन्ही संघांचे सामने दाखवणाऱ्या वाहिनीचा मोठा हिस्सा ओरिओल्सला देण्यात आला. नॅशनल्सला प्रक्षेपणाचे किती पैसे मिळावेत यावर वर्षानुवर्षे खटले चालले आणि तडजोड झाली ती २०२५ मध्ये. बाल्टिमोर सोडून आलेला चाहता घरी बसून नॅशनल्सचा सामना पाहत होता, तेव्हाही त्या प्रक्षेपणाच्या नफ्यातील मोठा वाटा त्याच्या जुन्या संघालाच मिळत होता.