बांधामागची जमीन किती खोल?

अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीत, वाढलेल्या माणसाला उधाण शिकवावं लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास खाडी फुगते, पाणी बाहेरकाठ्याच्या, म्हणजे खाडीकडच्या बांधाच्या, अंगावर चढतं आणि मातीच्या बांधाला एकीकडे खाडी, एकीकडे भातशेती असं दोन्हीकडून जागं राहावं लागतं. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, लाकडी झडप भरतीच्या दाबानं आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं उघडते. ना मोटर, ना वीज. मी लहानपणी तासन् तास ती झडप बघत बसायचो. मिटताना फळ्यांच्या फटीतून पाण्याच्या बारीक पिचकाऱ्या उडायच्या आणि जिभेवर खारट लागायच्या.

बांधाला खांड पडली, की गावातली जुनी माणसं पहिल्यांदा एकच गोष्ट विचारायची: खांड पडली कुठं? भगदाड किती रुंद आहे, हा पुढचा प्रश्न. उंचवट्यासमोर पडली असेल, तर चिखलाचे गोळे टाकून दोन ओहोट्यांत बुजते. पण बांधामागची जमीन खोलगट असेल, तर प्रत्येक भरतीला ढीगभर पाणी आत घुसतं, ओहोटीला तेवढंच बाहेर धावतं आणि जाता-येता बांधाच्या कडा खात राहतं. सकाळी हातभर असलेली खांड चार दिवसांत होडी जाईल एवढी होते. मग शेतात तिवरं उगवतात आणि खार धुऊन निघायला पुढचे दोन-तीन पावसाळे जातात.

अंटार्क्टिकाबद्दल वाचायला लागल्यावर मला हाच प्रश्न तिथं भेटला. तिथला बांध बर्फाचा आहे आणि त्याच्यामागची जमीन किती खोल आहे, हे शोधायला माणसं विमानं घेऊन गेली आहेत.

पश्चिम अंटार्क्टिकात थ्वेट्स नावाची हिमनदी आहे. नदी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पाणी येतं, म्हणून तिचा आकार सांगतो. क्षेत्रफळ साधारण १ लाख ९० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून बरंच जास्त. समुद्राला भिडणारं तोंड सुमारे १२० किलोमीटर रुंद. तिच्यातला सगळा बर्फ समुद्रात गेला, तर जगभरचा समुद्र सरासरी ६५ सेंटिमीटरनं वर येईल. पण खरी गोम तिच्या तळाशी आहे. ती ज्या जमिनीवर टेकली आहे, ती जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे, आणि तोंडापासून आत जावं तशी आणखी खोल होत जाते. थेट आपल्या खारजमिनीसारखी.

बर्फ जिथं जमीन सोडून तरंगायला लागतो, ती रेषा म्हणजे तिथला बाहेरकाठा. समुद्राच्या खोल थरातलं, गोठणबिंदूपेक्षा दोन-तीन अंशांनीच उबदार असलेलं पाणी तळातल्या चरांमधून या रेषेपर्यंत पोचतं आणि बर्फ खालून वितळवतं. रेषा मागं सरकते. मागं जमीन खोल, म्हणून तिथं बर्फाची जाडी जास्त. जाडी जास्त, म्हणून त्या तोंडातून समुद्राकडे वाहणारा बर्फही जास्त. त्यानं मागचा बर्फ पातळ होतो, जमीन सोडून तरंगायला लागतो आणि रेषा आणखी मागं जाते. हिमनदीतज्ज्ञ योहानेस वीर्टमन यांनी १९७४ मध्ये हे गणितानं मांडलं, त्याच क्षेत्रातल्या जॉन मर्सर यांनी १९७८ मध्ये पश्चिम अंटार्क्टिकाच्या बाबतीत याची धोक्याची सूचना दिली. हे किती वेगानं होईल, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहेत. दशकं की शतकं, हा फरक आपल्यासाठी फार मोठा आहे, आणि त्याचं उत्तर बर्फाखालच्या जमिनीच्या आकारावर अवलंबून आहे.

पण दोन-तीन किलोमीटर जाड बर्फाखालची जमीन दिसणार कशी? उपग्रहाला बर्फाचा पृष्ठभाग दिसतो, त्याची उंची कळते, तो कुठल्या दिशेला किती सरकला तेही कळतं. तळ दिसत नाही.

याचं उत्तर एका बिघाडातून सापडलं. ध्रुवीय प्रदेशात उडणाऱ्या विमानांचे रडार उंचीमापक बर्फावर चुकीची उंची दाखवत होते. जमीन आहे त्यापेक्षा खूप खाली आहे, असं यंत्र सांगायचं, आणि वैमानिकासाठी याच्याइतकी घातक चूक दुसरी नाही. अमेरिकी सैन्यातले रेडिओ अभियंते एमरी वेट यांनी कारण ओळखलं. थंड, कोरड्या बर्फातून रेडिओ लहरी आरपार जातात. उंचीमापकाला मिळणारा प्रतिध्वनी बर्फाच्या पृष्ठभागाचा नव्हताच, तो तळाच्या खडकाचा होता. १९५७ च्या सुमारास वेट यांनी अंटार्क्टिकात याच चुकीचा उपयोग करून बर्फाची जाडी मोजून दाखवली. पुढं केंब्रिजच्या स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूटनं १९६७ ते १९७९ या काळात अमेरिकी आणि डॅनिश सहकाऱ्यांबरोबर विमानातून अंटार्क्टिकाचा मोठा भाग असा मोजला, आणि बर्फाखाली पाण्याची तळी आहेत हेही तेव्हाच कळलं.

तत्त्व आपल्या मच्छीमारांच्या ओळखीचं आहे. दोरीला शिसं बांधून खोली वावात मोजायची, तसंच इथं दोरीच्या जागी रेडिओ लहर. बर्फात ती सेकंदाला सुमारे १ लाख ६८ हजार किलोमीटर वेगानं जाते. तीन किलोमीटर बर्फ पार करून खडकावर आपटून परत यायला तिला सेकंदाचे जेमतेम ३६ दशलक्षांश लागतात. विमान पुढं जात राहतं, लहरी जात-येत राहतात आणि पडद्यावर एक पट्टा उमटतो. वर बर्फाच्या पृष्ठभागाची रेघ, खाली खडकाची वाकडीतिकडी रेघ, आणि मध्ये पुस्तकाच्या पानांसारखे बर्फाचे जुने थर. तळाशी पाणी साचलं असेल, तर तिथला प्रतिध्वनी जास्त लख्ख येतो. मी असा पट्टा पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ नजर हटली नाही. ज्या जमिनीवर कुणा माणसाचा पाय पडलेला नाही, तिची दरी-डोंगरांसकट बाजूनं कापलेली आकृती समोर होती.

या कामातली सर्वांत मोठी मोहीम नासाची, ऑपरेशन आइसब्रिज. बर्फाची उंची लेझरनं मोजणारा आइससॅट हा उपग्रह २००९ मध्ये बंद पडला आणि पुढचा आइससॅट-२ सप्टेंबर २०१८ मध्ये अवकाशात गेला. मधल्या वर्षांत नोंदी तुटू नयेत म्हणून २००९ पासून २०१९ पर्यंत विमानांचा हा पूल बांधला गेला. उत्तरेत ग्रीनलंडमधून उड्डाणं व्हायची. दक्षिणेत चिलीतल्या पुंता अरेनासहून डीसी-८ विमान निघायचं. अकरा-बारा तासांची फेरी, त्यातला बराच वेळ नुसता जाण्या-येण्यात. कामाच्या जागी मात्र जमिनीपासून अवघ्या ४५० मीटरवर, डोंगरांच्या खांद्यांवरून. लेझर ढगांपलीकडे पाहू शकत नाही, त्यामुळं सकाळी आभाळ बघूनच ठरायचं, आज जायचं की नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये थ्वेट्सच्या शेजारच्या पाइन आयलंड हिमनदीवर उडताना विमानातल्या लोकांना बर्फात जवळपास ३० किलोमीटर लांबीची ताजी भेग दिसली. लगेच तिच्यावरून फेऱ्या मारून रुंदी-खोली मोजली: सुमारे ८० मीटर रुंद, ५०-६० मीटर खोल. दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, तो तुकडा हिमनग होऊन सुटला.

विमानातला लेझर सेकंदाला हजारो वेळा झगमगतो आणि बर्फाची उंची दहा सेंटिमीटरच्या आत सांगतो. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जांश भागात ३० सेंटिमीटर जातो, यावरून ते घड्याळ किती बारीक असेल याचा अंदाज करा.

हा बारकावा समुद्रावरच्या बर्फासाठी तर अत्यावश्यक. समुद्राचं पाणी गोठून झालेला बर्फ वितळला तरी समुद्र वर येत नाही, कारण तो आधीच तरंगतो आहे. तांब्यातला बर्फ विरघळून पाणी सांडत नाही, तसंच. पण तो ऊन परतवतो, आणि त्याची जाडी मोजणं फार अवघड आहे. त्याचा दहावा भाग पाण्यावर, बाकी खाली. म्हणजे वरचा भाग मोजताना दहा सेंटिमीटरची चूक झाली, तर जाडीत जवळपास एक मीटरची चूक होते, आणि आर्क्टिकमधला बराचसा बर्फच मुळी एक-दोन मीटरचा. त्यात वर भुसभुशीत हिम साचलेलं. लेझर हिमाच्या माथ्यावरून परततो, हिमाचं वजन बर्फाला खाली दाबतं, सगळा हिशेब बिघडतो. म्हणून विमानात फक्त हिमाची जाडी मोजणारं वेगळं रडार असतं. वीतभर हिमासाठी एक अख्खं यंत्र! मला यात त्या लोकांची सचोटी दिसते.

जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेनं तर आणखी सुंदर युक्ती वापरली. खारं पाणी वीज वाहतं, बर्फ जवळजवळ नाही. हेलिकॉप्टरखाली दोरानं एक लांबट नळा टांगायचा, समुद्रबर्फावरून पंधराएक मीटर उंचीवर न्यायचा आणि त्यातल्या तारेच्या वेटोळ्यातून विद्युतचुंबकीय लहर सोडायची. खालच्या खाऱ्या पाण्यात प्रवाह जागे होतात, त्यांचा प्रतिसाद नळ्याला मिळतो आणि पाणी किती अंतरावर आहे ते कळतं. लेझर वरच्या पृष्ठभागाचं अंतर सांगतो. वजाबाकी केली की हिमासकट बर्फाची जाडी. आमच्या शेताचा वैरी असलेला खार तिथं मोजमापाला मदत करतो.

रडारला मात्र तोच खार आडवा येतो. हिमनदीचं तोंड जिथं समुद्रावर तरंगतं, तिथं बर्फाखालच्या खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी विरून जातात, समुद्राचा तळ कळत नाही. आणि उबदार पाणी आत नेणारे चर नेमके तिथंच. मग विमानातून गुरुत्वाकर्षण मोजतात. खडक पाण्यापेक्षा जड, त्यामुळं तळ उथळ असेल तिथं ओढ किंचित जास्त, खोल चर असेल तिथं किंचित कमी. ब्रिटिश विमानांनी थ्वेट्सपुढं अशी मोजणी केली. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. आधी वाटलं होतं त्यापेक्षा खोल चर हिमनदीच्या तळाकडे जात असल्याचं त्यांत दिसलं.

चुंबकमापकही सोबत असतो, कारण खडक कोणत्या जातीचा आहे याचा माग चुंबकत्वावरून लागतो. विमानाचं स्वतःचं लोखंड त्यात लुडबुड करतं, म्हणून आइसब्रिजच्या पी-३ विमानात तो शेपटीच्या टोकाला, मूळ पाणबुड्या शोधण्यासाठी बांधलेल्या दांड्यात बसवला होता. अलिबागकरांना यात नवल वाटू नये. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला आणली गेली, आणि तिच्या बांधकामात लोखंड टाळलं गेलं. लोखंडापासून लांब पळण्याची ती धडपड आणि ही धडपड एकच.

या सगळ्यातून जी जमीन दिसली, ती थक्क करणारी आहे. ग्रीनलंडच्या बर्फाखाली निदान ७५० किलोमीटर लांबीची आणि काही ठिकाणी ८०० मीटर खोल दरी २०१३ मध्ये जाहीर झाली. पूर्व अंटार्क्टिकात डेनमन हिमनदीखालची घळ समुद्रसपाटीच्या साडेतीन किलोमीटर खाली जाते, हे २०१९ मध्ये कळलं. आणि थ्वेट्सखाली, २००४-०५ च्या उन्हाळ्यात अमेरिकी आणि ब्रिटिश ट्विन ऑटर विमानांनी रेघा मारत काढलेल्या नकाशात, ती आत उतरत जाणारी खोलगट जमीन स्पष्ट उमटली.

खारेपाटाला याचा हिशेब असा. जमिनीवरचा ३६० अब्ज टन बर्फ समुद्रात गेला, की समुद्र एक मिलिमीटर वर येतो. ग्रीनलंड वर्षाला साधारण २७० अब्ज टन आणि अंटार्क्टिका १५० अब्ज टन बर्फ गमावत आहे. त्यात तापून फुगणारं पाणी आणि इतर हिमनद्या धरून समुद्र आता वर्षाला ४ मिलिमीटरच्या वर चढतो आहे. शिवाय बर्फाचा एवढा मोठा ढीग समुद्राचं पाणी स्वतःकडे ओढून धरतो. ढीग कमी झाला, की जवळचं पाणी उतरतं आणि सुटलेलं पाणी दूरच्या किनाऱ्यांकडे येतं. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका दोन्हींपासून आपण दूर आहोत, त्यामुळं त्यांच्या बर्फाच्या पाण्याचा आपला वाटा सरासरीपेक्षा थोडा जास्तच.

चार मिलिमीटर बांधावर उभं राहून दिसत नाहीत. एका उधाणातून दुसऱ्या उधाणात हातभर फरक पडतो, नैर्ऋत्येचा वारा सुटला की आणखी. मुंबईत अपोलो बंदरावरच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासून आहेत. एवढ्या लांब नोंदींची सरासरी काढली तरच चढ कळतो.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार हा इस्रो आणि नासाचा उपग्रह गेला. दर बारा दिवसांनी तो त्याच जागेवर परत येतो, आणि बर्फ किती सरकला हे सेंटिमीटरमध्ये सांगण्याची त्याच्या रडारची क्षमता आहे. खांड रुंद होते आहे का, हे तो दाखवील. तिच्यामागची जमीन किती खोल आहे, यासाठी आजही बर्फावरून शेकडो मीटर उंचीवर, एका रेघेत विमान न्यावं लागतं.