उत्तर कुठल्या कार्डाने जायचं?

सर्व्हरला दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं, पत्ता दिला, केबल लावली, दिवाही लुकलुकतोय. त्याच सबनेटमधल्या (म्हणजे नेटवर्कच्या त्याच तुकड्यातल्या) मशीनवरून पिंग केलं तर उत्तर येतं. बाहेरच्या नेटवर्कमधून मात्र या पत्त्यावरून हूं की चूं नाही. केबल बदलून होते, फायरवॉलचे नियम दहादा वाचून होतात, तरी दोष सापडत नाही.

समजा, पहिल्या कार्डाचा पत्ता १९२.०.२.१० आणि दुसऱ्याचा १९८.५१.१००.१० आहे (हे पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत). दोघांचे गेटवे (बाहेर नेणारे राउटर) वेगळे, पण डिफॉल्ट रूट, म्हणजे वेगळी वाट न सांगितलेल्या सगळ्या पत्त्यांची वाट, पहिल्या कार्डाच्या गेटवेकडे जाते. आता दूरच्या २०३.०.११३.५ कडून दुसऱ्या कार्डावर विनंती आली. उत्तर पाठवताना लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ती विनंती कुठल्या कार्डाने आली हे पाहतच नाही. तो फक्त उत्तर कुठे जायचंय ते पाहतो. २०३.०.११३.५ साठी वेगळा रूट नाही, म्हणजे डिफॉल्ट रूट, म्हणजे पहिलं कार्ड. उत्तरावर पत्ता दुसऱ्या कार्डाचा, पण ते निघतं पहिल्याने: पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता एका गावचा आणि शिक्का दुसऱ्याच गावचा, असा तो प्रकार. असं पॅकेट दिसलं की पुढचा राउटर बहुतेकदा ते टाकून देतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. खोटा पत्ता लावून केलेले हल्ले असेच रोखले जातात.

बऱ्याचदा गोष्ट तिथवरही जात नाही. दुसऱ्या कार्डावर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावून पाहिलं तर विनंती येताना स्पष्ट दिसते, पण उत्तर कुठल्याच कार्डावर दिसत नाही. हा आरपी फिल्टर या कर्नलच्या सेटिंगचा प्रताप. त्याची किंमत १ असेल तर कर्नल आलेल्या प्रत्येक पॅकेटबद्दल उलटा प्रश्न विचारतो: याला उत्तर द्यायचं झालं तर मी याच कार्डाने देईन का? उत्तर 'नाही' आलं की पॅकेट गुपचूप गायब. टीसीपीडम्प त्याच्या आधीच पाहत असल्यामुळे त्याला ते दिसलेलं असतं. मग आरपी फिल्टरच बंद करायचा सल्ला हमखास मिळतो. त्याने हे एक लक्षण जातं, पण उत्तर चुकीच्या कार्डाने निघतच राहतं.

खरा इलाज १९९९ साली आलेल्या लिनक्स २.२ पासून कर्नलमध्येच आहे. रूटिंग टेबल (कुठल्या पत्त्याकडे कुठल्या वाटेने जायचं याची यादी) एकच नसतं, अनेक करता येतात, आणि कुठलं टेबल कधी वाचायचं हे नियम ठरवतात. मुळात तीन नियम असतात: ० क्रमांकाचा लोकल, ३२७६६ चा मेन आणि ३२७६७ चा डिफॉल्ट. आपण टेबल १०० तयार करायचं, त्यात १९८.५१.१००.१ हा गेटवे डिफॉल्ट म्हणून घालायचा, आणि नियम जोडायचा: आयपी रूल ॲड फ्रॉम १९८.५१.१००.१० टेबल १००. क्रमांक दिला नाही तर तो सहसा ३२७६५ वर, म्हणजे मेनच्या आधी बसतो. दुसऱ्या कार्डाच्या स्वतःच्या सबनेटचा रूटही या टेबलात घालावा, नाहीतर शेजाऱ्याला द्यायचं उत्तरही गेटवेला वळसा घालून जाईल. एवढं केलं की आरपी फिल्टरही शांत होतो, कारण त्याची उलटी चौकशीही आता याच नियमातून जाते.

हा नियम पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर चालतो. टीसीपीत (आधी जोडणी करून बोलायच्या पद्धतीत) तो पत्ता जोडणी होतानाच पक्का होतो, त्यामुळे अडचण नाही. यूडीपीत (जोडणी न करता पॅकेट पाठवायच्या पद्धतीत) मात्र सर्व पत्त्यांवर एकाच सॉकेटने (प्रोग्रामला नेटवर्कशी जोडणाऱ्या टोकाने) ऐकणारा प्रोग्राम उत्तर देताना पत्ता निवडायचं काम कर्नलवर सोडू शकतो, आणि कर्नल मेन टेबल वाचून पहिल्याच कार्डाचा पत्ता लावतो. म्हणूनच काही डीएनएस सर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारे) प्रत्येक पत्त्यासाठी वेगळं सॉकेट उघडतात.

हाताने दिलेल्या या आज्ञा रीबूटनंतर पुसल्या जातात, तेव्हा त्या नेटप्लॅन किंवा नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये लिहून ठेवाव्या लागतात. त्याआधी 'आयपी रूट गेट २०३.०.११३.५ फ्रॉम १९८.५१.१००.१०' असं थेट कर्नललाच विचारावं. एकही पॅकेट न पाठवता तो कार्ड आणि गेटवे दोन्ही सांगून टाकतो.