बांधकाम प्रकल्पांचा वित्तपुरवठा

जमीन घेतल्यापासून बांधलेली जागा विकली किंवा भाड्याने जाईपर्यंतचा खर्च भागवण्यासाठी विकसक जो पैसा उभा करतो, त्या साऱ्या व्यवस्थेला बांधकाम प्रकल्पांचा वित्तपुरवठा म्हणतात. गृहकर्जाहून हा व्यवहार मुळातच निराळा. गृहकर्जात तारण म्हणून घर असते आणि हप्ता कर्जदाराच्या उत्पन्नातून फिटतो. इथे कर्ज मंजूर होते तेव्हा हाती असतो मोकळा भूखंड आणि मंजूर नकाशे, आणि ज्या विक्रीतून परतफेड व्हायची ती दोन-तीन वर्षे लांब असते. मधल्या काळात व्याज चढत राहते. कर्जकरारातली बहुतेक कलमे आणि पुढे होणारी बहुतेक भांडणे या मधल्या काळाचीच असतात.

जमिनीची किंमत : विकसक जमिनीचे मोल शेवटाकडून काढतो. अपेक्षित विक्रीतून सगळे खर्च आणि नफा वजा केला की जे उरते, तेवढेच जमिनीला देता येते. समजा, विक्रीतून 100 येणार आहेत. बांधकामाला 50, आराखडे, परवानग्या व सल्लागार यांना 8, विक्रीखर्चाला 3, कर्जाच्या खर्चाला 9 आणि नफ्याला 15 धरले, तर जमिनीसाठी 15 उरतात. आता जमीन 15ला घेतल्यावर विक्रीचे दर 10 टक्क्यांनी उतरले, तर नफा 15वरून 5वर येतो. त्यातच बांधकामखर्च 10 टक्क्यांनी वाढला की तो शून्य होतो. दोन्ही बदल तसे किरकोळ आहेत, आणि तेजी ओसरताना ते बरेचदा जोडीने येतात. म्हणून बाजार तापलेला असताना चढ्या बोलीने घेतलेली जमीन हा प्रकल्पातला सर्वांत महागडा निर्णय ठरतो. पुढची काटकसर तो भरून काढू शकत नाही.

पैशाचे थर : प्रकल्पाचा पैसा एकाच हातातून येत नाही. सर्वांत सुरक्षित थर प्रधान कर्जाचा. बँक साधारणपणे एकूण खर्चाच्या 50 ते 70 टक्के देते आणि जमिनीवर पहिला बोजा नोंदवते. त्याखाली गरजेप्रमाणे मेझनिन, म्हणजे मधल्या थराचे, कर्ज येते. त्याचा परतफेडीतला क्रम दुसरा, म्हणून व्याजही चढे. उरलेला भाग विकसकाचे व त्याच्या भागीदारांचे स्वभांडवल. पैसे परत येतात ते वरच्या क्रमाने, तोटा मात्र तळापासून चढतो. प्रकल्प अडकला की या थरांचे हितसंबंध फुटतात : प्रधान कर्जदात्याला मालमत्ता विकून मोकळे व्हायचे असते, तर मेझनिनवाल्याला आणखी मुदत हवी असते, कारण आज विक्री झाली तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. दोघांमधला परस्पर करार विकसकाशी झालेल्या कराराइतकाच बारकाईने लिहिला जातो, तो यासाठी.

स्वभांडवल आधी खर्च व्हावे, कर्ज नंतर, ही बँकांची सर्वसाधारण अट असते. ज्याचा स्वतःचा पैसा पायात गेला आहे, तो काम अर्धवट टाकून सहजी निघून जात नाही.

उचल आणि तपासणी : मंजूर रक्कम एकदम हाती पडत नाही. बहुधा दर महिन्याला झालेल्या कामाचे बिल तयार होते, कर्जदात्याचा क्वांटिटी सर्व्हेयर जागेवर येऊन काम मोजतो, आणि त्याच्या दाखल्यावर तेवढी उचल मिळते. कंत्राटदाराच्या बिलातून 5 ते 10 टक्के अनामत राखून ठेवतात. सर्व्हेयरचा खरा प्रश्न ‘किती काम झाले’ हा नसून ‘उरलेले काम उरलेल्या पैशात होईल का’ हा असतो. राहिलेल्या कामाला 30 लागणार असतील आणि कर्जातले 26 शिल्लक असतील, तर पुढची उचल देण्याआधी वरचे 4 विकसकाने आणायचे. ही कसोटी ढिली पडली की इमारत शेवटच्या टप्प्यात थांबते : सांगाडा उभा, पण लिफ्ट, वीज आणि फिनिशिंगला पैसा नाही.

फसवणुकीचे मार्ग फारसे बदललेले नाहीत. सुरुवातीच्या कामांचे दर फुगवून आधीच जास्त पैसे काढायचे, जागेवर न आलेल्या सामानाची बिले लावायची, किंवा एका प्रकल्पाची उचल दुसऱ्या रखडलेल्या प्रकल्पात वळवायची. तिसरा प्रकार सर्वांत घातक, कारण त्यात एक प्रकल्प बुडताना शेजारच्या धडधाकट प्रकल्पालाही खाली ओढतो.

व्याजाचे गणित नवख्यांना चकवते. वरच्याच उदाहरणात 60चे कर्ज 10 टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले, तर व्याज 12 होत नाही; उचल हळूहळू होत असल्याने सरासरी थकबाकी साधारण 55 टक्के राहते आणि व्याज सुमारे 6.6 येते. पण काम संपल्यावर विक्री किंवा भोगवटा परवानगी एक वर्ष रखडली, तर पूर्ण 60वर व्याज लागून आणखी 6 जातात. म्हणजे अखेरचे एक वर्ष पहिल्या दोन वर्षांच्या जवळजवळ बरोबरीने महाग पडते. सुरुवातीची दिरंगाई परवडते, शेवटची नाही.

ग्राहकांचे आगाऊ पैसे : बांधकामापूर्वी केलेली विक्री हा वित्तपुरवठ्याचाच एक मार्ग आहे, आणि त्याची जोखीम देशोदेशी वेगळ्या खांद्यावर टाकलेली दिसते. ऑस्ट्रेलियात नकाशावरून घर घेणाऱ्याची साधारण 10 टक्के रक्कम ताबा मिळेपर्यंत विश्वस्त खात्यात राहते. बांधकाम बँकेच्या पैशावर होते. भारतात टप्प्याटप्प्याने येणारे हप्ते बांधकामालाच लागतात. म्हणून 2016च्या रेरा कायद्याने वसुलीच्या 70 टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले. ही रक्कम फक्त जमीन व बांधकामाच्या खर्चासाठी, कामाच्या प्रमाणात काढता येते. दुबईने एस्क्रो खात्याचा, म्हणजे ग्राहकांचे पैसे ठरलेल्या कामासाठीच सोडणाऱ्या राखीव खात्याचा, कायदा 2007मध्ये केला.

ग्राहकांच्या पैशावर किती मोठा डोलारा उभा राहू शकतो, हे चीनने दाखवले. तिथल्या नियामकांनी ऑगस्ट 2020मध्ये विकसकांसाठी ‘तीन लाल रेषा’ आखल्या : आगाऊ रक्कम वगळता देणी मालमत्तेच्या 70 टक्क्यांच्या आत, निव्वळ कर्ज स्वभांडवलाच्या 100 टक्क्यांच्या आत, आणि हातातली रोकड अल्पमुदतीच्या कर्जाइतकी तरी. नवे कर्ज आटल्यावर एव्हरग्रँड या तिथल्या बड्या विकसक कंपनीने 2021च्या डिसेंबरात परकीय चलनातली देणी थकवली. हाँगकाँगच्या न्यायालयाने जानेवारी 2024मध्ये कंपनीच्या परिसमापनाचा आदेश दिला. नियम योग्यच होते. पण सवय लागून गेलेल्या बाजारात ते उशिरा आणि एकदम आले.

भाड्याच्या इमारती : विक्रीऐवजी भाड्यासाठी बांधलेल्या इमारतीत बांधकाम कर्ज फेडायला दुसरे, दीर्घ मुदतीचे कर्ज घ्यावे लागते. ते देणारा दोन गोष्टी पाहतो. निव्वळ भाडे कर्जाच्या वार्षिक हप्त्यांच्या निदान 1.25 पट आहे का, आणि कर्ज किमतीच्या किती टक्के आहे. किंमत भाड्याला परताव्याच्या दराने भागून निघते. निव्वळ भाडे 6 आणि बाजाराला अपेक्षित परतावा 5 टक्के असेल, तर किंमत 120. परतावा 6 टक्के झाला की तीच इमारत, तेच भाडेकरू, पण किंमत 100. कर्ज 65 टक्के मिळते असे धरले, तर 78वरून ते 65वर आले. मधले 13 कोणी आणायचे, या एका प्रश्नावर 2022नंतर अनेक मालकांची कोंडी झाली.

2022च्या मार्चच्या सुरुवातीला अमेरिकेचा धोरणदर 0 ते 0.25 टक्के होता. जुलै 2023मध्ये तो 5.25 ते 5.50 टक्क्यांवर पोहोचला. बांधकाम कर्जे बहुधा चल दराची असल्याने झळ लगेच लागली. व्याजाची कमाल मर्यादा बांधून देणारे करार ज्यांनी आधी घेतले होते ते वाचले, नंतर घ्यायला गेलेल्यांना तेच करार फार महाग पडले. बँकांनी जप्तीपेक्षा मुदतवाढ पसंत केली. ती नेहमी शहाणपणाचीच असते असे नाही. भाडे सुधारणार नसेल तर ती फक्त तोटा नोंदवण्याची तारीख पुढे ढकलते.

बदलते प्रवाह : बँकांनी किती भांडवल राखावे हे ठरवणाऱ्या बाझेल 3 या आंतरराष्ट्रीय चौकटीच्या अंतिम नियमांनुसार जमीन खरेदी व बांधकामासाठीच्या कर्जाला साधारणपणे 150 टक्के जोखीमभार लागतो, तर पुरेशी पूर्वविक्री असलेल्या निवासी प्रकल्पाला 100 टक्के. जोखीमभार जास्त म्हणजे बँकेचे भांडवल जास्त अडकणार. बँका मागे सरकल्या ती जागा खाजगी कर्जनिधींनी घेतली आहे. त्यांचा पैसा लवकर मिळतो, अटी लवचीक असतात, व्याज मात्र जड. तयार, भाडे देणाऱ्या इमारतींसाठी रीट (अनेक भागधारकांच्या पैशातून अशा मालमत्ता बाळगणारी संस्था) हा मार्ग 1960च्या अमेरिकी कायद्यापासून रुळलेला आहे. करपात्र उत्पन्नातले निदान 90 टक्के भागधारकांना वाटावे लागते; साहजिकच नव्या बांधकामासाठी साठवायला रीटकडे फारसे उरत नाही.

कोणत्या इमारतीला पैसा मिळतो, हेही बदलले. 2020नंतर घरून काम रुजले आणि जुनी कार्यालये रिकामी पडू लागली. त्यांची घरे करावीत, हा उपाय ऐकायला सोपा आहे. प्रत्यक्षात मजला खिडक्यांपासून फार आतपर्यंत पसरलेला असल्याने आतल्या भागात उजेड पोहोचत नाही आणि पाणी-सांडपाण्याच्या नळांचे उभे मार्ग एकाच गाभ्यात असतात, त्यामुळे थोड्याच इमारतींचे गणित जमते. उलट गोदामे, भाड्यासाठीच बांधलेली घरे आणि डेटा सेंटर यांच्याकडे पैसा वळला. डेटा सेंटरची मोजणी चौरस फुटांऐवजी मेगावॉटमध्ये होते आणि तिथे जमिनीपेक्षा वीजजोडणीची तारीख निर्णायक ठरते. कर्ज प्रामुख्याने भाडेकरू कंपनीची पत पाहून मिळते. तिचा भाडेपट्टा संपल्यावर इतक्या खास रचनेच्या इमारतीला दुसरा गिऱ्हाईक सहज मिळत नाही, म्हणून भाडेपट्टा संपायच्या आत कर्जाचा मोठा भाग फिटावा असाच कर्जदात्यांचा आग्रह असतो.